मऊ की चिवट? प्लास्टिकच्या गांडुळाची पाऊणशे वर्षं

ओढ्याकाठी गळ टाकून बसलेल्या पोराला विचारा, सगळ्यात खात्रीचं आमिष कोणतं? उकिरड्याच्या कडेची ओली माती उकरून काढलेलं गांडूळ, असंच तो सांगेल. गांडूळ मऊ असतं, पाण्यात वळवळतं आणि माशाच्या तोंडात गेल्यावर खाण्यासारखंच लागतं. त्यात खोट एकच, ते टिकत नाही. चार बारक्या माशांनी लचके तोडले की गळ उघडा पडतो आणि पुन्हा माती उकरायला उठावं लागतं.

ही खोट घालवण्यासाठी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला एक कारागीर आपल्या घरीच खटपट करू लागला. त्याने घडवलेलं प्लास्टिकचं गांडूळ आज जगभर विकलं जातं. पण खोट पुरती गेली नाही, तिने फक्त रूप बदललं. मऊ करावं तर फाटतं, चिवट करावं तर मासा थुंकून टाकतो. गेल्या पाऊणशे वर्षांत या आमिषाचे जे असंख्य प्रकार निघाले आणि ते गळावर ओवायच्या ज्या तऱ्हा निघाल्या, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच पेच होता.

मोठ्या तोंडाचा मासा

हे गांडूळ ज्याच्यासाठी घडलं तो मासा म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. हिरवट अंग, दोन्ही कुशींवर काळसर पट्टा, आणि मिटलेला जबडासुद्धा डोळ्याच्या मागे जाईल एवढं तोंड. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. नावात ‘बास’ असला तरी समुद्रातल्या बासशी त्याचं जवळचं नातं नाही. तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या सनफिश कुळातला.

लांब पाठलाग करण्यापेक्षा त्याला दबा धरून बसणं आवडतं. बुडालेला ओंडका, झाडाचा खुंट, पाणगवताचा दाट पट्टा, असा आडोसा त्याला लागतो. समोरून काही गेलं की तो तोंड झटक्यात उघडतो आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य ओढलं जातं. तोंडात आलेली वस्तू कडक, परकी वाटली तर ती तितक्याच झटक्यात बाहेर फेकतो. मासेमाराला काय करायचं ते या दोन झटक्यांच्या मधल्या वेळात.

डॉ. जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये या माशावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ट्राउटच्या मागे धावणाऱ्या शौकिनांचं लक्ष बासकडे वळवलं. पुढे २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड बास पकडला. मंदीचे दिवस होते. मासा वजन करून घरी गेला आणि पेरी कुटुंबाच्या ताटात पडला. विक्रम मात्र कागदावर राहिला, तो आजतागायत कोणी स्पष्टपणे मोडलेला नाही.

त्या काळी हौशी मासेमाराच्या पेटीत मुख्यतः लाकडी आमिषं असत. रंगवलेली, काचेचे डोळे बसवलेली, पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ लटकणारी. ती वर्षानुवर्षं टिकत, पण कडक असत, आणि जिथे बास बसतो तिथे, म्हणजे फांद्यांच्या जाळीत, टाकली की अडकत. रबराची गांडुळंही आधीपासून होती, पण ती ताठ. मऊ आमिष हवं असेल तर डुकराच्या चरबीयुक्त कातडीच्या पट्ट्या मिळत, मिठाच्या पाण्यातल्या बरण्यांत भरलेल्या. विस्कॉन्सिनच्या ‘अंकल जॉश’ या नाममुद्रेने १९२०च्या दशकापासून त्या देशभर विकल्या. पट्टी चामड्यासारखी चिवट होती, पण गळावर तशीच उन्हात राहिली की वाळून कडंग व्हायची. लाकूड टिकत होतं पण मऊ नव्हतं. खरं गांडूळ मऊ होतं पण टिकत नव्हतं. ही मधली जागा रिकामीच होती.

टायरांच्या गावातला शोध

ती भरून निघाली ॲक्रन शहरात, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. ओहायोतलं ॲक्रन म्हणजे त्या वेळची जगाची रबर-राजधानी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर, सगळ्यांचं बिऱ्हाड इथे. गल्लोगल्ली रबर, साचे, रसायनं यांची जाण असलेली माणसं.

यातल्या गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ १९२६ मध्ये धातूला रबर चिकटवणारा डिंक शोधत होता. त्यासाठी त्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आज आपण ज्याला पीव्हीसी म्हणतो ते, उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात तापवून पाहिलं. त्या काळी हा ठिसूळ पदार्थ कुणाच्याच कामाचा मानला जात नव्हता. डिंक काही मिळाला नाही. थंड झाल्यावर हाती आला तो जेलीसारखा लवचीक गोळा. जमिनीवर टाकला तर उसळणारा, पाण्याने न भिजणारा. असं सांगतात की वरिष्ठांची खात्री पटावी म्हणून सेमनने या पदार्थाचा लेप दिलेलं कापड एका उपाध्यक्षांच्या टेबलावरच्या कागदांवर पसरलं आणि त्यावर सरळ पाणी ओतलं. कागद कोरडे राहिले. पुढे यातूनच रेनकोट आले, न्हाणीघराचे पडदे आले, विजेच्या तारांवरची आवरणं आली.

दुसरं महायुद्ध संपलं तोवर अशा मऊ व्हिनाइलचा कच्चा माल लहान कारागिरालाही मिळू लागला होता. ॲक्रनमध्ये निक क्रीम हा यंत्रावर काम करणारा कारागीर होता आणि मासेमारीचा नाद असलेला माणूस. त्याने आणि त्याची पत्नी कॉस्मा हिने १९४९ मध्ये घरच्या घरी व्हिनाइल, तेलं आणि रंगद्रव्यं यांची मिश्रणं तापवून पाहायला सुरुवात केली. नमुना होता रात्री हिरवळीवर येणाऱ्या जाड्या गांडुळाचा.

ही क्रिया आजही जवळजवळ तशीच आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. पीव्हीसीची बारीक भुकटी मऊ करणाऱ्या तेलकट द्रवात कालवली की दुधासारखं पांढरं मिश्रण होतं. ते मंद आचेवर ठेवायचं आणि सारखं ढवळत राहायचं. थोड्या वेळाने त्याच्या गुठळ्या होतात, पिठलं बिघडल्यासारखं दिसतं. इथे घाबरून आच कमी करायची नाही. पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गुठळ्या विरघळतात आणि भांड्यातला पांढरेपणा जाऊन मधासारखा पारदर्शक रस उरतो. मग रंग, हवी असेल तर चमकी, आणि लगेच साच्यात. काही मिनिटांत गांडूळ बोटांनी सोलून काढता येतं. आच थोडी जास्त झाली तर रस पिवळा पडून करपतो, आणि त्याचा धूर नाकातोंडात जाऊ देण्यासारखा नसतो.

मऊपणा ठरतो तो तेलकट द्रवाच्या प्रमाणावर. हा द्रव प्लास्टिकच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतो. द्रव जास्त तर साखळ्यांची पकड सैल, गांडूळ लुसलुशीत आणि फाटायला सोपं. द्रव कमी तर चिवट, पण पाण्यात काडीसारखं ताठ. क्रीम दांपत्याची मेहनत गेली ती हे प्रमाण बसवण्यात.

१९५१ पर्यंत त्यांचं ‘विगल वर्म’ टपालाने विकलं जाऊ लागलं, एका डॉलरला पाच. सुरुवातीच्या काळातल्या गांडुळांना बनवणाराच गळ जोडून देई. अंगात नायलॉनच्या दोरीवर दोन-तीन लहान गळ, पुढे काही मणी आणि एक छोटा पंखा. पाण्यात टाकायचं आणि हळूहळू ओढायचं. मासे लागले, मागणी वाढली. आणि लवकरच ती सगळ्यात जास्त येऊ लागली दक्षिणेकडून, टेक्सासमधून.

बुडालेली रानं

टेक्सासमध्ये १९५० पासून सात वर्षं भीषण दुष्काळ पडला. गावं ओस पडली, गुरं विकली गेली. त्या धसक्याने राज्याने १९५७ मध्ये पाणी विकासासाठी मंडळ स्थापन केलं आणि धरणांच्या कामाला जोर आला. टेनेसी खोऱ्यातली धरणं १९३० च्या दशकापासून बांधली जातच होती. लष्कराचं अभियंता दलही ठिकठिकाणी नद्या अडवत होतं. पूर्व टेक्सासमधलं सॅम रेबर्न जलाशय १९६५ मध्ये भरायला लागलं, सुमारे १ लाख १४ हजार एकरांचं. त्याच्या पुढच्याच वर्षी टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर सबीन नदीवर टोलेडो बेंडचं पाणी चढू लागलं, १ लाख ८० हजार एकरांहून मोठं.

उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, हे आपण पाहिलं आहे. टेक्सासच्या या जलाशयांत देवळांऐवजी रानं बुडाली. अनेक ठिकाणी झाडं न तोडताच पाणी सोडलं गेलं. मैलोगणती उभे वठलेले बुंधे, पाण्याखाली फांद्यांची जाळी, आणि दबा धरून बसणाऱ्या माशाला जन्मभर पुरेल एवढा आडोसा. नव्या पाण्यात खाद्यही मुबलक असतं, त्यामुळे बास झपाट्याने वाढले.

निक क्रीमने १९५०च्या दशकाच्या अखेरीला टेक्सासमधल्या टायलर गावी कारखाना काढला, तो तिथली वाढती मागणी ओळखून. त्याची कंपनी पुढे तिथलीच झाली. पण उघड्या गळांचं त्याचं मूळ गांडूळ या रानात चालेना. पहिल्याच फेकीला ते फांदीत अडके आणि तंगूस तोडावा लागे.

तोड काढली ती त्या तळ्यांवरच्या मासेमारांनी. कोणी एकाने पेटंट घेतलं असं नाही, या होडीतून त्या होडीत ती पसरली आणि नाव पडलं ‘टेक्सास रिग’. आज साठ वर्षांनंतरही प्लास्टिकचं गांडूळ ओवायची पहिली रीत म्हणून हीच शिकवली जाते. आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं तंगुसात ओवायचं, निमुळतं टोक वरच्या बाजूला. मग एकटोकी गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या तोंडातून अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढायचं आणि गळाचा डोळा तोंडात दडेपर्यंत ओढून घ्यायचं. आता गळ अर्धा फिरवायचा, गांडुळाच्या अंगालगत धरून त्याचं टोक कुठे येतं ते पाहायचं, आणि नेमकं तिथेच गांडूळ जरा वाकवून टोक अंगात खुपसायचं. बरोबर जमलं तर गांडूळ सरळ लोंबतं. जागा चुकली तर त्याला पीळ पडतो, ओढताना ते भिंगरीसारखं फिरतं आणि तंगुसाला गाठी मारून ठेवतं.

गळाचं टोक असं अंगातच लपल्यामुळे अडकायला काही उरत नाही. शिसं पुढे फांदीवरून घसरतं, गांडूळ मागोमाग येतं. मासा ते तोंडात घेतो. तंगुसात एक-दोन हलके टोले जाणवतात. मग काठी जोरात मागे खेचायची. त्या हिसक्याने टोक गांडुळाचं अंग फाडून बाहेर येतं आणि माशाच्या जबड्यात रुततं.

म्हणजे इथे गांडूळ फाटणं हे यंत्रणेतच आहे. ते जरा जास्त चिवट असेल तर टोक अंगातच राहतं आणि मासा सुटतो. पुरेसं मऊ असेल तर एक-दोन माशांनंतर त्याचं तोंड चिरतं, ते गळावरून घसरू लागतं आणि निकामी होतं. टेक्सासच्या मासेमारांनी अडकण्याचा प्रश्न सोडवला, पण टिकाऊपणाचा प्रश्न आणखी घट्ट करून ठेवला. विक्रेत्यांची अर्थातच काही तक्रार नव्हती. लाकडी आमिष वर्षाला एखादं खपे. गांडुळं पाकिटांनी खपू लागली.

पैजा आणि स्ट्रॉबेरी

साठच्या दशकात बाकीची सामग्रीही तयार होत होती. सुटसुटीत झाकणबंद रीळ ओक्लाहोमातल्या झेब्को कंपनीने १९४९ मध्येच आणलं होतं. तेलविहिरींच्या स्फोटांसाठी घड्याळी बाँब बनवणारी ही कंपनी, तिने धंदा बदलला होता. १९५९ मध्ये लॉरन्स कंपनीची हिरवी पेटी आली. पाण्यात ध्वनिलहरी सोडून ती तळ आणि मासे दाखवत असे. पाण्याखालचं रान आता दिसू लागलं होतं.

अलाबामातला रे स्कॉट नावाचा विमा एजंट या सगळ्याला एकत्र बांधायला निघाला. जून १९६७ मध्ये त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर तळ्यावर बासची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. शंभर डॉलर भरून १०६ जण उतरले. जिंकला टेनेसीचा स्टॅन स्लोन. दुसरा आलेला बिल डान्स पुढे दूरचित्रवाणीवर घराघरांत पोहोचला. स्पर्धेतला पहिला मासा आपण निळ्या प्लास्टिकच्या गांडुळावर पकडला, असं डान्स सांगत आला आहे. स्कॉटने लगोलग बी.ए.एस.एस. ही संघटना आणि तिचं मासिक काढलं, १९७१ मध्ये लेक मीडवर पहिली ‘क्लासिक’ स्पर्धा घेतली. बॉबी मरेने ती जिंकून दहा हजार डॉलर मिळवले. १९७२ पासून त्याने पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याची मोहीम चालवली. पेरीच्या काळी मासा ताटात जाई, आता तो वजनकाट्यावरून पाण्यात परत जाऊ लागला.

स्पर्धांनी गुपितांचा बाजार मांडला. जिंकणाऱ्याने कुठला रंग, कुठली लांबी वापरली हे कळताच दुसऱ्या दिवशी दुकानं रिकामी. याच काळात अलाबामातल्या युफॉला गावचा टॉम मान पुढे आला. हा आधी वन्यजीव खात्यात नोकरीला होता. मासा गांडूळ तोंडात जास्त वेळ धरून ठेवेल तर गळ मारायला वेळ मिळेल, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने रसात फळांचे सुवास घातले. ‘जेली वर्म’ स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी, द्राक्ष अशा वासांत मिळू लागलं. माशाला स्ट्रॉबेरीचं काय कौतुक, असं कुणीही विचारेल. पण पाकीट उघडणाऱ्या माणसाला ते होतं, आणि पाकीट विकत तोच घेतो.

मानने १९७३ मध्ये स्ट्रॉबेरी जेली वर्मवर एक बास पकडला, त्याला हौदात ठेवलं आणि नाव दिलं लेरॉय ब्राउन. या माशाचा रुबाब पाहायला लोक येत. काही वर्षांनी तो मेला तेव्हा मानने त्याची रीतसर अंत्ययात्रा काढली. साटिनचं अस्तर लावलेली आमिषांची पेटी हीच शवपेटी, आत सोबतीला स्ट्रॉबेरीची जेली वर्म्स. शेकडो लोक जमले. कळस म्हणजे ते कलेवर कुणीतरी चोरलं. लेरॉयचा संगमरवरी दगड मात्र राहिला. एका आमिषाभोवती किती मोठी दुनिया उभी राहिली होती, हे सांगायला हा प्रसंग पुरेसा आहे.

याच दशकात लुइझियानातल्या मिस्टर ट्विस्टर कंपनीने शेपटीला कोयरीसारखा बाक दिला. पातळ शेपटी नुसती ओढली तरी फडफडू लागली. बारक्या माशांनी पहिल्यांदा तोडली तीही तीच. मासेमारांनी आणखी एक धडा स्वखर्चाने घेतला. लाकडी आणि कडक प्लास्टिकची आमिषं गांडुळांसोबत एकाच पेटीत ठेवली तर महिनाभरात रंग विरघळून सगळ्याचा चिकट लगदा व्हायचा, पेटीचे कप्पेसुद्धा वितळायचे. मऊ करणारा तो तेलकट द्रव गांडुळातून पाझरून शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरत होता. मग गांडुळांना न जुमानणाऱ्या खास प्लास्टिकच्या पेट्या बाजारात आल्या.

मीठ आणि रबर

१९८५ची क्लासिक स्पर्धा आर्कान्सा नदीवर झाली. ती जॅक चॅन्सलरने जिंकली तेव्हा लोकांचं लक्ष पुन्हा ओवण्याच्या रीतीकडे गेलं. त्याने जड शिसं पुढे ठेवलं, मध्ये तंगुसाचा लांब तुकडा सोडला आणि मागे बोटभर लांबीचं साधं गांडूळ लावलं. शिसं तळ खरवडत जातं, गांडूळ मागे तरंगत येतं. ही ‘कॅरोलायना रिग’ची तऱ्हा. उघड्या तळाचं पाणी तिने पटकन धुंडाळता येई. चॅन्सलरच्या गांडुळाचं नावच होतं ‘डू नथिंग’, काहीच न करणारं.

पुढचा मोठा बदल मिठाने केला. रसात भरपूर मीठ घातलं की मासा आमिष सोडायला वेळ लावतो, असा अनुभव ऐंशीच्या दशकात रुजला होता. हवाईत जन्मलेला गॅरी यामामोतो ॲरिझोनातल्या पेज गावी आमिषं बनवत असे. त्याने नव्वदच्या दशकात ‘सेन्को’ काढलं. दिसायला बॉलपेनएवढी जाडजूड कांडी. शेपटीला बाक नाही, पाय नाहीत, काही नाही. पण अंगात मीठ खच्चून भरलेलं, त्यामुळे ते शिशाशिवाय बुडतं, आणि बुडताना आडवं राहून दोन्ही टोकं हलकेच थरथरवतं. गळ मधोमध ओवला, म्हणजे ‘वॅकी’ रीतीने लावला, तर ही थरथर आणखी वाढते. मरायला टेकलेलं काहीतरी खाली चाललंय असं माशाला वाटतं.

मिठाची किंमत टिकाऊपणाने मोजावी लागली. मिठाचा प्रत्येक कण म्हणजे प्लास्टिकच्या जाळीतलं एक भोक. सेन्को एका माशाला, नशीब असेल तर दोन माशांना पुरतं. लोकांनी युक्त्या काढल्या. कांडीच्या मधोमध नळाच्या वायसरसारखी रबरी कडी चढवायची आणि गळ कांडीत न टोचता कडीखाली सरकवायचा. फाटलेलं तोंड लायटरच्या आचेवर क्षणभर धरायचं, प्लास्टिक पाझरू लागलं की चिमटीत दाबायचं, आणि बोट भाजलं की समजायचं जोड पक्का झाला.

मग चिवटपणाचा पर्याय आला तो वेगळ्याच पदार्थातून. साउथ कॅरोलायनातल्या झी-मॅन कंपनीने ‘इलॅझटेक’ या नावाने पीव्हीसी नसलेली आमिषं आणली. हा रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ. दोन हातांनी कितीही ओढला तरी सहसा तुटत नाही, आणि एकच आमिष डझनावारी मासे झेलतं. पाण्यापेक्षा हलका असल्याने तो तळावर उभा तरंगतो. त्याचे नखरेही आहेत. जुन्या प्लास्टिकला लागला की दोघांचा चिखल होतो, म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवावा लागतो. गळ त्यातून सहज आरपार जात नाही, म्हणून टेक्सासच्या रीतीने अंगात टोक लपवलं तर हिसका कमी पडतो.

त्याला योग्य रीत मिळाली कॅन्ससमध्ये. कॅन्सस विद्यापीठात अभिलेखपाल राहिलेले नेड केह्डी हे अगदी हलक्या सामग्रीने मासे पकडणाऱ्यांच्या परंपरेतले. ते अशा चिवट कांडीचे मधोमध दोन तुकडे करत आणि अडीच इंची तुकडा आळंब्याच्या आकाराच्या, दोन ग्रॅमही नसलेल्या शिशावर उघड्या गळाने लावत. दिसायला अगदीच गबाळं. पण मासे लागत, आणि तोच तुकडा दिवसभर पुरे. या ‘नेड रिग’चा बोलबाला झाला आणि टिकाऊ गांडूळ पहिल्यांदा मुख्य बाजारात आलं. म्हणून आज जाणता मासेमार निवड करताना आधी पाणी पाहतो. बुडालेल्या झाडीत टोक लपवायचं असेल तर मऊ पीव्हीसी, शिशाशिवाय हळू बुडवायचं असेल तर मिठाची कांडी आणि रबरी कडी, उघड्या खडकाळ तळावर उघडा गळ चालत असेल तर चिवट पदार्थ.

तळाशी उरलेलं

बास अमेरिकेबाहेरही गेला. तेत्सुमा आकाबोशी यांनी १९२५ मध्ये तो जपानच्या आशी तळ्यात सोडला. पुढे तो देशभर पसरला, मासेमारीचा मोठा उद्योग झाला, आणि देशी मासे खातो म्हणून २००५ मध्ये आक्रमक परकी जीवांच्या कायद्याखालीही आला. जपानच्या बिवा तळ्यात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाची बरोबरी केली. आणि ज्या आशी तळ्यात बास पहिल्यांदा उतरला, त्याच तळ्यात मऊ प्लास्टिकच्या गांडुळांवर बंदी घातली गेली. फूजी पर्वताजवळच्या कावागुची तळ्यानेही तेच केलं.

कारण साधं होतं. फाटलेली, गळावरून निसटलेली, फांदीत अडकून तुटलेली गांडुळं पाण्यातच राहत होती. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात चार्ल्सटन तळ्यावर संशोधकांनी पाण्यात उतरून किनाऱ्याची पाहणी केली, माशांची पोटं तपासली आणि निरनिराळी मऊ आमिषं दीर्घकाळ पाण्यात ठेवून पाहिली. २०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. माशांच्या पोटात आमिष सापडण्याचं प्रमाण कमी होतं, शंभरात दोन-तीन. पण पाण्यात ठेवलेलं प्लास्टिक कुजण्याची चिन्हं जवळजवळ नव्हती. उलट बहुतेक आमिषं पाणी पिऊन फुगली होती. अमेरिकेत मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ मध्ये मऊ आमिषांवर बंदीचं विधेयक आलं. मासेमारांनी जोरदार विरोध केला, राज्याने अभ्यास करवला आणि बंदी बारगळली.

आपल्याकडे बास नाही. पण खाडीतल्या जिताड्यासाठी आणि तळ्यातल्या मरळीसाठी मऊ प्लास्टिकचे मासे आणि बेडूक आता इथल्या हौशी मासेमारांच्या पेटीतही दिसतात, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. मातीतून काढलेलं गांडूळ गळावरून सुटलं तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पोटात जातं. ॲक्रनमध्ये जन्मलेलं गांडूळ सुटलं तर ते तिथेच राहतं. निक क्रीमला ते टिकायला हवं होतं ते गळावर. तिथे ते फार टिकलं नाही, तळाशी मात्र टिकलं.

म्हणून अलीकडे अमेरिकेतल्या काही होड्यांवर पेटीशेजारी एक रिकामी बरणी दिसते. फाटलेली, तोंड चिरलेली, शेपटी तुटलेली गांडुळं पाण्यात न भिरकावता तिच्यात टाकायची. बरणी भरली की ती घरी जाते. रंग एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे ती वितळवली की रस बहुधा काळपट होतो. तो पुन्हा मंद आचेवर ठेवायचा, ढवळायचा, साच्यात ओतायचा. काळं गांडूळही बासला चालतं.